मूठ उघडेपर्यंत

"माझ्या तोंडाकडे काय बघता? रिपोर्ट तिथे छापलेला नसतो!"

सोनोग्राफीच्या टेबलावर आडव्या झालेल्या प्रत्येक बाईला आमच्या डॉक्टरबाई हे ऐकवायच्या. उपयोग शून्य. तुम्ही कधी अशा खोलीत बसला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, पडद्यावरचं ते करडं धुकं कुणाला कळत नाही. सगळ्या जणी डॉक्टरांच्या भुवया वाचतात. मंडईजवळच्या त्या दवाखान्यात मी बायकांची नावं पुकारायची, त्यांना टेबलावर चढवायची आणि जेलीची बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. "गार जेलीनं आई दचकते, मग मूल दचकतं आणि माझी संध्याकाळ होते," असं बाईंचं म्हणणं.

बोलणं अस्सल पेठेतलं. एकदा कात्रजच्या पलीकडून आलेल्या एका सासूबाईंनी मोठ्या खुबीनं विचारलं, "बाई, पाळण्याला रंग कंचा द्यावा म्हंते मी?" मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानं बंदी, हे भिंतीवर ढळढळीत लिहिलेलं. बाई मान वर न करता म्हणाल्या, "रंगाचं राहू द्या, आधी पाळणा मजबूत आहे का बघा."

पण कुठे संशयाची जागा दिसली की याच बाई वेगळ्या व्हायच्या. स्टूल ओढून आईच्या उशाशी बसायच्या. काय दिसलं, काय दिसलं नाही आणि काय आपल्यालाच कळलेलं नाही, हे सुटं सुटं करून सांगायच्या. "मला माहीत नाही" असं इतक्या ताठ मानेनं म्हणणारं माणूस मी पुण्यात दुसरं पाहिलं नाही.

रेहाना आली तेव्हा तिचा पाचवा महिना सरत आला होता. आधीची दोन पोटातच गेलेली. नवरा रविवार पेठेत घड्याळं दुरुस्त करायचा. बाळाच्या मेंदूत पाण्याचा बारीकसा फुगा दिसला. असा फुगा बहुतेकदा आपोआप जिरतो. क्वचित मोठ्या आजाराची खूण ठरतो. त्या आजारात बाळाच्या मुठी सहसा घट्ट वळलेल्या राहतात, म्हणून बाईंना हात बघायचा होता. आणि या बाळानं मूठ हनुवटीखाली दाबून धरलेली!

"जा, मंडईत चक्कर मारून या. काहीतरी गोड खा, म्हणजे बाळ हलेल."

रेहाना जाऊन आली. मूठ तशीच. पुन्हा पाठवलं. बाहेर ताटकळलेल्या बायका माझ्यावर करवादत होत्या. ती परत आली, आणि या वेळी एकदम पडद्यावर बोटं पसरली. "उघडली!" मीच ओरडले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट जेली पुसायला लागले.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या, "आणि फुगाही आहे."

नवरा काकुळतीला आला. "मॅडम, घड्याळात एक तर बिघाड असतो, नाहीतर नसतो. यातलं काय ते सांगा ना."

"तुमच्याकडे येतं ते घड्याळ पूर्ण झालेलं असतं. हे अजून तयार होतंय. महिन्यानं बघू."

तो महिनाच अवघड होता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्यानंतर गर्भ पाडता येणार नव्हता. नणंद म्हणत होती, "आत्ताच मोकळी हो, नाहीतर जन्मभराचं होऊन बसेल." बाईंनी काहीच लपवलं नाही. सुईनं पोटातलं पाणी काढून तपासता येतं, त्यात थोडा धोका असतो, हेही सांगितलं. रेहाना शेवटी म्हणाली, "सुई नको. मी थांबते."

"थांबा. मधे भीती वाटली तर इथे या. तपासणार नाही, नुसतं बसा."

ती खरंच यायची. माझ्या शेजारी बसून मटार सोलायची. दोन पेशंटच्या मधे बाई बाहेर यायच्या, चार शेंगा सोलायच्या, आत जायच्या. त्या दोघींकडे बघून मला फार बरं वाटायचं.

महिन्यानं फुगा जिरलेला होता. नवरा रडला. बाई मात्र "आज दिसत नाही" एवढंच म्हणाल्या.

आता बाई नाहीत. दवाखान्यात नवं यंत्र आहे, म्हणे फार स्पष्ट दिसतं. मला त्या आठवतात रेहानाच्या घरी. पेशंटच्या घरची पायरी कधी न चढणाऱ्या बाई मला घेऊन तिथे गेल्या होत्या. मांडीवर रेहानाची तान्ही मुलगी. बाईंनी चष्मा पुसून तिला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं. रेहाना खिरीची वाटी हातात घेऊन दारातच थबकली.

"कशी आहे, डॉक्टर?"

"छान आहे."

पुढे अजून काहीतरी येणार म्हणून आम्ही दोघी थांबलो. बाई पोरीच्या तळपायाचा मुका घेत होत्या.