झोपलेलं खातं

आमच्या गावात आमदाराला पत्र लिहिणं हे नवस बोलण्यासारखं होतं. फळेल याची खात्री कुणालाच नसे, पण बोललोच नाही असं मागाहून वाटायला नको, म्हणून लोक लिहीत. गाव आष्टीकडचं, कोरडवाहू. मी तिथल्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होतो, म्हणून हे नवस लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं. विजेच्या डीपीचं, टँकरच्या खेपांचं, पडलेल्या शाळाखोलीचं, असं बरंच काही मी लिहिलं. अर्जातला माणूस सरळ काही मागत नाही. तो वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो, नम्र विनंती करतो आणि शेवटी ज्याच्यावर काडीचा विश्वास नाही त्याचा विश्वासू होतो.

शेजारच्या काकीसाठी लिहिलेली पत्रं मात्र माझ्या अजून लक्षात आहेत.

काकीचा नवरा आणि मुलगा दोघंही गेलेले. घरात ती, तिची सून आणि नात. सून दरसाल दिवाळी झाली की भावाच्या टोळीबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जाई. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादम हंगामाआधी आगाऊ पैसे, म्हणजे उचल देतो ती कोयत्यामागे. नवरा नसलेली बाई अर्धा कोयता धरली जाते. या अर्ध्या कोयत्यावर तिघींचं घर चालत होतं. उन्हाळ्यात सून परत येईपर्यंत नात आजीजवळ राहायची आणि शाळेत यायची. हुशार होती. वर्गात प्रश्न विचारायची आणि मला उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी आठवण करून द्यायची.

नात दहावीत जायच्या सुमारास सुनेच्या भावानं बजावलं, पोरगी आता मोठी झाली, डोळ्यांनी अधू झालेल्या म्हातारीच्या भरवशावर तिला सहा महिने ठेवता यायची नाही. या हंगामाला आईनं घरी थांबावं, नाही तर पोरीचं लग्न उरकून टाकावं. दिंद्रुडकडचं एक स्थळही त्यानं पाहून ठेवलं होतं. लग्न झालं तर पोरगी आणि जावई मिळून पुरा कोयता होतो, हेही त्यानं बोलून दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला हिशेब येत होता, एवढंच.

काकीचाही एक हिशेब होता. जमीन तिच्या नावावर होती, तिच्यावर दुष्काळाचं अनुदान अधूनमधून यायचं. शिवाय निराधारांचा सरकारी पगार. हे सगळं तालुक्याच्या सहकारी बँकेत जमा व्हायचं आणि सासू-सुनांनी ठरवून त्याला हात लावला नव्हता. नातीच्या दहावीच्या वर्षी आईनं एक हिवाळा घरी काढायचा, त्यासाठी ते राखून ठेवलेलं होतं. घरात मीठ नसेल तर आमच्याकडून न्यायच्या, पण बँकेत जायच्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात पैसे किती साठलेत ते बघायला काकी बँकेत निघाली आणि मला सोबत घेतलं. बँकेची इमारत नवी, पुढून सगळी काच. आत गारवा इतका, की दारातला वॉचमन स्वेटर घालून बसलेला. बाहेर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली होती आणि तिचं प्रतिबिंब काचेत फार सुबक दिसत होतं. काउंटरवरच्या पोरानं पासबुक मशीनमध्ये घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "काकी, खातं झोपलंय तुमचं."

"झोपलं तं झोपलं," काकी म्हणाली. "झोपलेल्याचा खिसा कोनी कापला पन?"

कारण निम्म्याच्या वर रक्कम गेलेली होती. राहिली होती त्यात घर जेमतेम दिवाळीपर्यंत चाललं असतं, आणि ऊसतोड तर दिवाळीनंतरच सुरू होते. मॅनेजरनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितलं. खातेदार स्वतः व्यवहार करत नाही म्हणून खातं झोपतं, झोपलेल्या खात्याला दंड आहे. मोबाइलवर संदेश पाठवल्याचे पैसे आहेत. काकीच्या घरात मोबाइल नव्हता, पण संदेश पाठवलेले होते, त्याला बँक काय करणार? आणि नव्या इमारतीसाठी निधी कापला होता, तो सगळ्यांचाच कापलेला. हे सारं वार्षिक सभेत सभासदांनी एकमतानं मंजूर केलेलं होतं. मी विचारलं, काकीचा याच्याशी काय संबंध? मॅनेजर म्हणाला, त्यासुद्धा सभासद आहेत. शेअरची रक्कमही त्यांच्या खात्यातूनच घेतलेली होती. आपण या काचेच्या इमारतीच्या एक मालक आहोत, हे काकीला त्या दिवशी कळलं.

सहकारी बँकेची वार्षिक सभा मी एकदा पाहिली होती. मंडपात वरून विषय वाचला जातो आणि पुढच्या रांगेतली ठरलेली मंडळी "मंजूर, मंजूर" म्हणून ओरडतात. मागच्यांना विषय ऐकू येत नाही, पण मंजूर झाल्याचं ऐकू येतं. नंतर पेढ्याचा पुडा मिळतो.

काकीनं सांगितलं, साहेबाला लिहा. साहेब म्हणजे आमचे आमदार. तेच त्या बँकेचे चेअरमनही होते. मी तिला म्हणालो, ज्यानं कापले त्यालाच कसं लिहायचं? तिचं म्हणणं वेगळं होतं. मत आपण त्याला चेअरमन म्हणून दिलेलं नाही, आमदार म्हणून दिलंय, तर त्यानं आमदार म्हणून चेअरमनला विचारावं. तर्कात खोट नव्हती. मी इतकी वर्षं इतिहासासोबत नागरिकशास्त्र शिकवत आलो, पण सत्तेच्या विभाजनावर इतका भाबडा विश्वास ठेवणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

पत्र गेलं. पावसाळा तसाच कोरडा सरकत होता, तेव्हा उत्तर आलं. जाड कागदावर, वर बोधचिन्ह. आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीस्तव मा. चेअरमन यांच्याकडे पाठवण्यात येत आहे. काही दिवसांनी मा. चेअरमन यांचंही उत्तर आलं. सदर बाब धोरणात्मक असल्याने आपण लोकप्रतिनिधींमार्फत पाठपुरावा करावा. दोन्ही पत्रांवर सही एकाच हातची होती, चेअरमनची जरा घाईत केलेली. साहेबांनी साहेबांना कळवलं होतं आणि साहेबांनी साहेबांकडे बोट दाखवलं होतं.

मग आम्ही खासदारांना लिहिलं. त्यांच्याकडून स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छांचं कार्ड आलं, मागे हसरा फोटो. जिल्हा परिषदेचे सदस्य आमच्याच भागातले, त्यांचं खताचं दुकान होतं, म्हणून त्यांना मी पत्र हातात नेऊन दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. तेवढं करणारे ते एकटेच. म्हणाले, तुमचं सगळं बरोबर हाय सर, पर मला बी त्याच बँकेच्या दारात जावं लागतंय. आणि पत्र नीट घडी घालून परत दिलं.

प्रत्येक उत्तर मी काकीला वाचून दाखवायचो. भिंतीला टेकून, डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकायची. माझं वाचून झालं की विचारायची, "पैशाचं कुठं हाय त्यात?"

भादव्यात तिला ताप आला. गावात त्या दिवसांत पुष्कळ जणांना ताप होता, टँकरच्या पाण्यावर संशय होता. बाकीचे उठले, काकी उठली नाही. तिसऱ्या दिवशी कार्यकर्त्याच्या हातून साहेबांचं पत्र घरपोच आलं. आपल्या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. या पत्रावरची सही मात्र सावकाश, वळणदार होती. आमच्या भागात पुढाऱ्याकडे तक्रारींची दाद लागत नाही, पण मयतीची नोंद चुकत नाही. लग्न, मयत आणि दहावा यांना जो हजर तो निवडून येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि निवडणूक तोंडावर होती.

दहाव्याला गावजेवण लागतं. सुनेनं त्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली. मी म्हणालो, जेवण साधं कर, लोक समजून घेतील. ती म्हणाली, लोक समजून घेत्यात सर, आन् मग वर्षभर बोलत्यात. उचल घेतली म्हणजे हंगामाला जाणं आलं. आता नातीला घरी एकटीला ठेवता येणार नव्हतं, आणि तिचा मामा दिंद्रुडला निरोप पाठवायला मोकळा होता. राहता राहिले बँकेनं कापलेले पैसे. ते मिळाले तर उचल परत करता येत होती. मामानंही दहाव्यापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

दहावा नदीत झाला. नदीत म्हणजे वाळूत. विधीला पाणी टँकरमधून आणून ठेवलेलं. साहेब आले, पांढरे कपडे, चेहऱ्यावर ठेवणीतलं दुःख. श्रद्धांजलीची चार-पाच भाषणं झाली. साहेब म्हणाले, कष्टाळू, देवभोळी, कुणापुढे कधी हात न पसरलेली माउली गेली. मी शेजारी होतो. तिनं हात पसरले नव्हते हे खरं, तिनं माझ्याकडून लिहून घेतलं होतं.

मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून बसले. कावळा येईना. मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून नातेवाईक मोठ्यानं शब्द देतात. पुतण्या म्हणाला, काकी, सुनेला अंतर देणार न्हाई. मामा म्हणाला, पोरीला सांभाळू. झाडं निष्पर्ण, आभाळ पांढरंफेक, कावळ्याचा पत्ता नाही. खरं कारण मला माहीत होतं, बहुधा सगळ्यांनाच माहीत होतं. पलीकडच्या माळावर जनावरांची चारा छावणी उघडली होती. तिथं पेंड सांडलेली असायची आणि कधी एखादं मेलेलं जनावरही. पंचक्रोशीतले कावळे तिकडे गेले होते. दुष्काळात माणसं कारखान्यावर जातात, कावळे छावणीवर.

ऊन चढलं. पण पिंडाला कावळा शिवल्याशिवाय उठून जाता येत नाही, साहेबांनाही नाही. ज्या माणसाला चार महिन्यांत कामाची एक ओळ लिहायला वेळ झाला नव्हता, तो तासभर वाळूत मांडी घालून बसला होता. तेव्हा मागे बायकांत बसलेली सून उठली. पदर सावरून, कुणाकडे न बघता म्हणाली, "आत्याबाईंचा जीव बँकेत आडकलाय. साहेबांनी शब्द द्यावा."

मामानं मान खाली घातली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग उभे राहिले, हात जोडले आणि पिंडाकडे बघून म्हणाले, "माउली, तुमचे कापलेले पैसे बँक ह्या महिन्यात तुमच्या खात्यात जमा करील. माझा शब्द हाय."

सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. आमच्या आमदारांच्या शब्दाची इतकी कडक तपासणी आधी कधी झाली नव्हती. कावळा आला नाही. अखेर गुरुजींनी दर्भाची गाठ मारून कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. शास्त्रात तशी सोय आहे. लोक उठले, साहेबांच्या गाडीनं धूळ उडवली.

आणि साहेबांनी शब्द पाळला. तो शब्दशः पाळला. महिना संपायच्या आत बँकेनं कापलेली सगळी रक्कम काकीच्या खात्यात जमा केली. तालुक्याच्या पेपरात बातमी आली, शेजारी साहेबांचा फोटो. मी आणि सून बँकेत गेलो. मॅनेजरनं पुन्हा खुर्च्या दिल्या. पैसे आहेत, म्हणाला, पण खातेदार मयत आहे. वारस दाखला आणा, तो कोर्टातून मिळतो. वकील लागेल, वेळ लागेल, सूनबाईंचा वारसा आधी सिद्ध करावा लागेल. वर्षभर तरी धरा. त्याच्या बोलण्यात कुठं उद्धटपणा नव्हता. त्यालाही बहुतेक वाईट वाटत होतं. मी विचारलं, तोवर खात्याचं काय? तो म्हणाला, "नियमाप्रमाणं ते झोपंलच की, सर."

परतताना एसटीत सून खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हणालो, आणखी एक पत्र लिहू, या वेळी थेट मंत्र्यांना. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "नका लिहू सर. तुमी लिवता आन् ते येत्यात."

लग्न दिवाळीआधीच झालं, देवळात, मोजक्या लोकांत. शाळेला कळवलं नव्हतं, पण कळलं होतं. मी मामाला जाऊन भेटलो, वयाचं बोललो, कायद्याचं बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला. कायद्याला कुठं कळवायचं तेही मला ठाऊक होतं. तिथं एक अर्ज करायचा होता. तो मी केला. त्याचं उत्तर हंगाम अर्धा उलटल्यावर आलं, चौकशी चालू आहे म्हणून. तोवर ट्रॅक्टर केव्हाच गेला होता, दीड कोयता घेऊन.

उन्हाळ्यात टोळी परतली. पाण्याच्या टँकरजवळ मला नात दिसली. काळवंडली होती, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, गळ्यात काळे मणी. मला बघून घागर घेऊन वळली, मग थांबली आणि परत आली.

"सर, बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो?"

मी महिना सांगितला. कोणते कागद लागतात तेही सांगितलं, शाळा सोडल्याचा दाखला मी काढून देईन म्हणालो. तिनं सगळं दोनदा म्हणून पाठ केलं. फी बँकेत भरावी लागते, हे मात्र मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.