काणा बैल

उसिलंपट्टीच्या आसपास कुठंही मयत झालं की आधी निरोप जायचा पेच्चियम्माला, मग नातलगांना. मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या गोष्टी सांगत गाऊन रडायचं, त्याला तिकडं तमिळ मुलखात ओप्पारी म्हणतात. ती प्रत्येकाची वेगळी. एकाची ओप्पारी दुसऱ्याला म्हणायची नाही, हे ओप्पारी शिकवताना सासूनं पेच्चीला पहिल्याच दिवशी बजावलेलं. मेल्याचं कफन काढून दुसऱ्याला घालतं का कुणी?

शेजारच्या वेल्लत्ताईचा पोरगा इरुळप्पन. निवडणुकीच्या भांडणात त्याला कोयत्यानं तोडला. पेच्चीनं त्याची ओप्पारी बांधली, 'दुधाच्या किटल्या कोण नेईल रे राजा, तुझा काणा बैल वैरणीला तोंड लावेना.' दरसाल त्याच्या तिथीला ती हे म्हणायची आणि वेल्लत्ताई वर्षाचं रडून घ्यायची. एरवी त्या बाईच्या डोळ्याला टिपूस नाही.

मग मदुरैकडच्या सिनेमावाल्यांनी पेच्चीला गाडी पाठवून नेलं. सिनेमा नेहमीचाच, पुढारी, खून, सूड. तिरडीवर गुंडाचं काम करणारा नट. पेच्चीनं चार नव्या ओळी जुळवल्या.

"आजी, रडू येईना की," तिथला माणूस म्हणाला. "नसेल जमत तर दुसरी बाई बघतो."

झालं. बाई पेटली. दुसरी बाई म्हणे! हट्टाला पेटून तिनं तोंड उघडलं आणि आली ती इरुळप्पनची ओप्पारी. नाव तेवढं बदललं. सगळी माणसं डोळे पुसायला लागली. मग तो नट तिरडीवर उठून बसला आणि कॅमेऱ्याकडं बघून खदाखदा हसला. मेल्याचं काम केलं की हसायचं असतं, नाहीतर मरण चिकटतं म्हणतात. सगळे हसले. पेच्चीही हसली.

टॉकीजमध्ये तिनं सिनेमा पाहिला तेव्हा तिला खुर्चीत बसवेना. हिरोनं त्या गुंडाला चिरला आणि ओप्पारी सुरू झाली, तशा पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. गावची पोरं येता-जाता 'काणा बैल' म्हणून फिदीफिदी हसायला लागली. पेच्चीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेल्लत्ताई सिनेमाला जात नाही, तिच्या कानावर जाऊ नये, एवढंच ती देवाला मागत राहिली.

तिथी आली. नातलग ओसरीवर बसले. पेच्चीनं घसा खाकरला, किटल्यांची ओळ म्हटली, काण्या बैलाशी आली, आणि मागून कुणीतरी शिट्टी घातली. सवयीनं. दोघं-तिघं हसली.

वेल्लत्ताई रडली नाही. तिनं पदर खोचला.

"पुरे कर, अक्का."

"वेल्ला, माझं चुकलं गं. त्यांनी दुसरी बाई आणतो म्हटलं, आणि मी…"

"मला कळलंय कधीच. दूधवाल्यानं सांगितलं." तिनं पानं मांडायला घेतली. "नाव बदललंस ना तिथं? मग बैलही बदलायचा होतास."

पेच्ची जेवायला बसली. तिनं पानावर वाढलेलं सगळं खाल्लं, कारण तिथीचं जेवण टाकून उठता येत नाही.