फॉर्म ७०० आणि पालेगावचा चौक

एकाहत्तरच्या युद्धात माझं पोस्टिंग पश्चिम सीमेवरच्या तळावर होतं. हुद्दा फ्लाइट लेफ्टनंट. उड्डाणाआधी फॉर्म ७०० वर पायलटची सही लागते: विमान तपासलं, ताब्यात घेतलं. माझ्या विमानाचा फिटर कॉर्पोरल दामू भोईर, अंबरनाथजवळच्या पालेगावचा. मी घाईत सही करायला गेलो की तो पेन मागे घ्यायचा.

"साहेब, आधी वाचा."

"काम तूच केलंयस ना?"

"म्हनूनच वाचा."

त्या सकाळी ६.४० ला स्क्रॅम्बल, म्हणजे तातडीने उडायचा हुकूम. वाचलं, सही केली. दामूने चाकांखालचे ठोकळे काढले, अंगठा दाखवला. मी हवेत गेलो आणि रेडिओवर आलं, "तळावर हल्ला. वरच थांबा." ७.२५ ला उतरलो. फॉर्म घेऊन दुसराच एअरमन उभा.

"भोईर?"

"गेला, सर."

पुढे मी वकील झालो. उल्हासनगरच्या कोर्टात "न वाचता सही का केलीत?" म्हणून अशिलांवर ओरडायचो. मग अंबरनाथला नगरसेवक झालो. बायको म्हणते, विमानातून उतरल्यापासून मी उतरतोच आहे.

नव्वदच्या दशकात पालेगावच्या चौकाला दामूचं नाव द्यायचा ठराव मांडला. मंजूर झाला. इतिवृत्त सहीला आलं तेव्हा मी उद्घाटनाचं भाषण घोकत होतो. न वाचता सही ठोकली.

उद्घाटनाला कापड ओढलं. पाटीवर माझं नाव. वर बढतीही दिलेली: ग्रुप कॅप्टन!

आमच्या पक्षाचा गटनेता कानाशी लागला. "सरप्राइज, साहेब! इलेक्शन तोंडावर आहे. मेलेल्याच्या नावाने कोण मत देतंय?"

"ठराव दामूचा होता."

"इतिवृत्तात आम्ही नाव बदललं. खाली सही तुमचीच आहे."

पहिल्या रांगेत दामूची आई नवं लुगडं नेसून बसलेली. तिने मलाच विचारलं, "बाला, माज्या दामूचा नाव कुठं हाय?"

डोकं फिरलं. गटनेत्याची कॉलर धरायला उठलेला हात मी खाली घेतला, कारण दुसरी कॉलर माझीच धरावी लागली असती. एका रिक्षावाल्याकडून पाना घेतला, शिडी लावली.

"साहेब, पोट सांभाळा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

चार नट. चौथा जाम बसला होता, तो शिव्या देऊन काढला. पाटी खाली आपटली. भाषण केलंच नाही.

पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव मी स्वल्पविरामांसकट मोठ्याने वाचला, मग सही केली. पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही. त्याचा राग नाही. त्या म्हातारीला भर चौकात तो प्रश्न विचारावा लागला, त्याचा राग अजून आहे.

तिथून जाताना स्कूटर थांबवतो. पाठीमागचे रिक्षावाले हॉर्न मारतात. मारू देत. मी आधी वाचतो: कॉर्पोरल दामोदर भोईर चौक.