बिननावाची काच

माझा स्वभाव संशयी. दुधाची बाटली हुंगल्याशिवाय मी फ्रिजमध्ये ठेवत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दुबईतल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये मी गाठींचे पातळ काप काचेवर घेऊन त्यांना रंग द्यायचे, तिथे हा स्वभाव कामाला यायचा.

पेशीत पी-५३ नावाचं एक प्रथिन असतं. ते डीएनएवर बसून इतर जनुकं चालू-बंद करतं. पेशी बिघडली की तिचं विभाजन थांबवायचं, दुरुस्त होण्यासारखी नसेल तर तिला मरायला लावायचं, हे त्याचं काम. निरोगी पेशीत ते दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, कारण तयार झालं की लगेच मोडलं जातं. ते स्वतःच बिघडलं तर मात्र बहुधा मोडत नाही, नुसतं साचतं, आणि पेशी मोकाट वाढतात. मग रंग दिल्यावर काच तपकिरी दिसते. साध्या गाठीवर आमचे डॉक्टर ही तपासणी सांगत नसत. आधी कॅन्सर दिसला, तरच सांगत.

तेव्हापासून जे फार दिसायला लागतं, त्याचाच मला जास्त संशय येतो.

त्या हिवाळ्यात आमच्याच इस्पितळात माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला. रिपोर्ट यायचा होता. आणि दुबईशेजारच्या रोल्ला भागातल्या आमच्या घरात कपबशा कुठे असतात हे ठाऊक नसलेला माझा नवरा अचानक सगळीकडे दिसायला लागला. सकाळी चहा, संध्याकाळी मला न्यायला लॅबच्या दारात हजर, शुक्रवारी पापलेटंसुद्धा साफ केलेली. मुलगी म्हणाली, "बाबा इज बीइंग टू नाइस." मला त्या चांगुलपणाचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पी-५३साठी एक काच आली. नाव नव्हतं, फक्त नंबर. एरवी नावाशिवाय काच आली तर डॉक्टर लॅब डोक्यावर घेत. मी रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. छातीच्या गाठीचा काप, आणि जिकडेतिकडे तपकिरी. तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी काच काढून घेतली. "ये मैं देख लूँगा, आप घर जाइए," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

घरी नवऱ्याने चहा पुढे केला. "रिपोर्ट अजून आला नाही गं. इन्शाल्ला चांगलाच येईल."

असा रिपोर्ट आधी नवऱ्याला सांगायचा आणि बायकोपासून लपवायचा, ही आपल्याकडची रीत मी कितीतरी घरांत पाहिली होती. डॉक्टरांसारखंच तोही माझ्याकडे बघत नव्हता. मला त्याची दया आली, आणि इतकी भीती वाटली की कप खाली ठेवावा लागला.

"अहो, बसा जरा," मी म्हटलं. "माझ्या गाठीला आज मीच रंग दिलाय."