न हललेला फोटो

कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी आबा उजवं कोपर बरगडीशी दाबायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, “हालू नका. मी बी हालत न्हाई.” तेलगावच्या आसपास तुमचं लग्न झालं असेल, तर तुम्हीही हे ऐकलं असणार. एकदा एक पुढारी स्टेजवर उभा राहून सारखा मोबाइल बघत होता. आबा त्याला म्हणाले, “साहेब, मतं मागताना बी असंच हालता का?” साहेब हसले, पण मोबाइल खिशात गेला. आमच्याकडे पुढाऱ्याशी असं बोलायला छाती लागते.

म्हणून तर हाच माणूस घाबरलेला पाहिला तेव्हा मला ते खरंच वाटेना.

माझं माजलगावला लग्नाचे अल्बम करायचं दुकान आहे. फोटोवाले कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आणून देतात. मी एकेक फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघतो, चांगले निवडतो, पानं लावतो. नवरी रुसलीय, व्याही भांडलेत, सगळं मला आधी कळतं. आबांचे फोटो मात्र मी कधी मोठे करून बघत नसे, गरजच पडायची नाही. एका लग्नात त्यांचा एक फोटो हललेला निघाला. म्हटलं, गर्दीत धक्का लागला असेल. पुढच्या लग्नात सात-आठ निघाले. मी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसला. फोटो हललेलेच होते.

आबा चहा बशीत ओतून प्यायचे, चांगला आवाज करून. त्या आठवड्यात दुकानात आले आणि म्हणाले, “बशी नको आज, कपातच बरा हाय.” कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मी उगाच प्रिंटरकडे बघत बसलो. तेव्हापासून त्यांचे हललेले फोटो मी गुपचूप बाजूला काढायला लागलो. त्यांनाही ते माहीत होतं.

मग एका लग्नात अक्षतांचा एकही फोटो धड निघाला नाही. बाकीचं काहीही पुन्हा उभं करून घेता येतं, हार पुन्हा घालायला लावता येतो, पण अंतरपाट एकदाच खाली येतो. मी लांबून काढलेला गर्दीचा एक फोटो बारीक करून त्या पानावर बसवला. पाहुण्यांना काही कळलं नाही. आबांनी ते पान उघडलं, बघत राहिले, आणि अल्बम काखेत मारून निघून गेले.

दोन दिवसांनी भर दुपारी आले ते दुकानाचं शटर अर्धं खाली ओढूनच आत शिरले. डॉक्टरने कंपवात सांगितला होता. गोळ्या चालू होत्या. घरी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, कावून सांगितलं नाही? तर म्हणाले, घरातून गल्लीत जाईल, गल्लीतून गावात, आणि मग कोण बोलावतंय?

“दादा, हात गेला तर मी कोन हाय?”

मी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

त्यांनी पिशवीतून दोन कॅमेरे काढले. जुना जड कॅमेरा आता झेपत नव्हता, म्हणून ओळखीच्या दुकानदाराकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणले होते. एक छोटा कॉम्पॅक्ट, मुठीत मावणारा, लेन्स त्यालाच जोडलेली, झूम भरपूर. दुसरा मिररलेस, उजेड टिपणारा सेन्सर मोठा, लेन्स वेगळी लावायची. म्हणाले, आज ठरवायचं. शटर अर्धं खाली होतं, आत मंगल कार्यालयात असतो तेवढाच उजेड. भिंतीवरच्या कॅलेंडरचे ते फोटो काढत गेले आणि मी तिथीचे आकडे मोठे करून बघत गेलो.

छोटा हलका होता. कितीही वेळ धरला तरी हाताला शीण नाही. दारातल्या उन्हात तर त्याने टपरीवरच्या माणसाच्या मिशा मोजून दाखवल्या. पण सेन्सर बारीक. कमी उजेडात त्याला फोटोला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात हात हलायचा. वेळ कमी करावा तर आकडे रव्यासारखे दिसायचे. मोठा मिररलेस त्याच उजेडात झटक्यात फोटो घ्यायचा. हाताचा थोडा कंप पोटात घ्यायची सोयही त्याच्यात होती. फक्त लेन्ससकट तो जड होता. अर्धा तास धरला की आबांचा हात असा थरथरायला लागायचा की ती सोयही पुरेना. म्हणजे छोटा घ्यावा तर अंधाराची भीती आणि मोठा घ्यावा तर वजनाची.

“छोटा घेऊन लग्नात गेलो तर लोक म्हनतील, आबा, मोबाइलच बरा होता,” ते म्हणाले. मग हसले. मला काही हसू आलं नाही. शेवटी त्यांनी मोठाच ठेवला. लग्न उन्हात लागत नाही, एवढंच कारण सांगितलं.

आणि महिनाभरात माझ्या लेकीचं, रेणूचं लग्न ठरलं.

आबा आपणहून आले. म्हणाले, पोरीचा पहिला वाढदिवस मी काढलाय, लग्न बी मीच काढनार. मी म्हटलं, मग काय, तुम्हीच. तोंडाने म्हटलं. ते गेले, आणि मी दिंद्रुडच्या एका फोटोवाल्याला फोन लावला. पाहुण्यासारखा ये, बॅग आणू नको, मांडवात पलीकडच्या बाजूला उभा राहा, आबांना दिसू नको. बोलताना माझाच आवाज चोरासारखा निघत होता. पण एकुलती एक लेक, आणि अंतरपाट एकदाच खाली येतो. भ्यालो मी, दुसरं काय.

लग्नाच्या दिवशी हळद, वरात, जोड्यांचे फोटो यात दोन तास गेले. मंगलाष्टका सुरू झाल्या. रेणूच्या पाठीशी तिचा मामा उभा होता, मी समोरच्या बाजूला मुठीत अक्षता घेऊन. तेवढ्यात आबा माझ्या मागे आले. चेहरा राखेसारखा. स्टँड लावायला त्या गर्दीत जागा नव्हती. त्यांनी काही विचारलं नाही, कॅमेरा सरळ माझ्या उजव्या खांद्यावर टेकवला.

तो थरथरत होता. खांद्यातून मानेत, मानेतून दातांपर्यंत मला तो कंप कळत होता. कानाशी आवाज आला, “हालू नका.”

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते काही आलं नाही.

मी श्वास धरला. लोक अक्षता टाकत होते, माझ्या मुठीत तशाच राहिल्या. डोळे भरले तर पुसायचीही सोय नव्हती. एका बाजूला लेक परकी होत होती आणि मी देवाकडे एवढंच मागत होतो की माझा खांदा हलू देऊ नको. सावधान झालं, अंतरपाट खाली आला, कानाजवळ बारीक आवाज झाले, चार-पाच.

फोटो मी आबांसमोरच उघडला. ते म्हणाले, मोठा करा. अजून मोठा करा. रेणूची पापणी दिसली, हवेतला तांदळाचा दाणा न् दाणा सुटा दिसला. आबा स्क्रीनला बोट लावून म्हणाले, “हालला न्हाई.” आणि माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रडले. त्यानंतर त्यांनी एकही लग्न घेतलं नाही.

दिंद्रुडवाल्याचं कार्ड मी त्या दिवशी आबा घरी गेल्यावर बघितलं. त्याचे अक्षतांचे सगळे फोटो गर्दीत गेलेले. एकच स्पष्ट होता. त्यात नवरा-नवरी नाहीत. मी आहे, मूठ आवळलेला, आणि माझ्या खांद्यामागून कॅमेरा धरलेले आबा.

तो फोटो मी त्यांना कधी दाखवला नाही. दाखवला असता तर पहिला प्रश्न आला असता, हा कोनी काढला? त्या प्रश्नाला भिऊन मी तो दोन वर्षं कॉम्प्युटरमध्ये दडवून ठेवला. ते दर आठवड्याला येत, दोन्ही हातांनी कप धरत, आणि मी दर वेळी पुढच्या खेपेवर ढकलायचो.

या श्रावणात आबा गेले.

आता दुकानात कोणी नसलं की मी तो फोटो उघडतो आणि मोठा करतो. अजून मोठा. त्यांची बोटं दिसतात, नखं दिसतात, बटणावरचं बोट दिसतं. हात अजिबात हललेला नाही.