कमळीने निवडलेला किनारा

एकोणऐंशीच्या डिसेंबरात मुंबईतल्या अंध मुलींच्या शाळेची बस अर्नाळ्याच्या किनाऱ्याशी येऊन उभी राहिली. बावीस मुली होत्या. आजवर एकीचाही पाय समुद्राला लागलेला नव्हता. रोझलीन टीचर त्यांना उतरवणार, तोच थांब्याजवळ सुके बोंबील विकणारी कमळी तांडेल टोपली तशीच टाकून धावत आली.

"बाय, हितं नको उतरवू यांना."

टीचरांचा पारा चढला. मुलींना बघून लोक दारं लावून घेतात, हे त्यांना नवं नव्हतं. "का? तुमच्या मालकीचा आहे का समुद्र?"

"तसं नाय गो. चल, दाखवते." कमळीने त्यांचा हात धरून त्यांना वाळूत नेलं. होड्यांचे दोर नडगीएवढ्या उंचीवर ताणलेले होते, बोंबील वाळवायचे बांबू जागोजागी उभे होते, फाटक्या जाळ्यांत गळ अडकलेले होते. टीचरांनी वळून बसकडे पाहिलं.

"म्हणजे परत न्यायचं?"

"परत कशाला? पुढच्या गावाला, राजोडीला चला. पाटासारखी वाळू, वाटेत एक होडी नाय. आनि आज अष्टमी, पान्याला जोर नसतो."

तिने नवऱ्याच्या होडीतला जाड दोर खांद्यावर टाकला आणि ती बसमध्ये चढली. थांब्यावरच्या सोडावॉटरच्या गाडीवरून ॲन्सेल्म ओरडला, "कमळे, आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या गावाला पोचवतेस?"

"पोरीच्या पायात गळ गेला तर तू काढनार?" एवढंच बोलून तिने दार लावून घेतलं.

राजोडीला तिने दोराचं एक टोक सुरूच्या झाडाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. दोर धरून मुली एकेक करून आल्या. दहा वर्षांची बेला मात्र मध्येच थबकली.

"मावशी, समुद्र किती लांब आहे?"

"माझ्या आवाजापर्यंत ये. तिथंच हाय."

बेला आली. पायांवरून लाट गेली तशी किंचाळली, मग हसतच सुटली. "दोर सोडू?" तिने विचारलं. कमळीने तिच्या हातात आपली दोन बोटं दिली.

संध्याकाळी निघताना टीचरांनी सकाळच्या बोलण्याची माफी मागितली. कमळी लाजली. "जेवलात का सगळ्या?" म्हणून तिने विषय बदलला.

पुढच्या वर्षीपासून शाळेचं पत्र यायला लागलं: कमळीबाई, यंदा कोणत्या दिवशी यावं? कमळीला वाचता येत नव्हतं. ते पत्र ॲन्सेल्मच थांब्यावर उभा राहून, चार माणसांना ऐकू जाईल असं वाचायचा. ती बोटांवर तिथी मोजून दिवस सांगायची आणि शाळा त्याच दिवशी यायची.

शहाऐंशी साली कुणीतरी तिला विचारलं, एवढी जोखीम कशाला घेतेस? कमळीने पदर खोचला आणि मान ताठ केली.

"आठ सहली झाल्या. एका पोरीला ओरखडा नाय."