गणपूर्तीची घंटा

माझा धाकटा भाऊ खासदार आहे म्हटलं की लोक लगेच खुर्ची पुढे करतात. कसलं डोंबलाचं! मी त्याची थोरली बहीण, पण निवडून आल्यापासून त्याला बघते ती टीव्हीवरच. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं, शिवणयंत्र चालवून शिकवलं. आता घरात मी आणि ते यंत्र. दोघंही कुरकुरतो.

सभागृहात त्याने एकच विषय धरून ठेवलाय, एकटी राहणारी म्हातारी माणसं. अर्थसंकल्प असो की रस्ते, गडी फिरून फिरून तिथेच येतो. प्रश्न विचारून विचारून त्याने मंत्र्यांना भंडावून सोडलं. तिथे त्याला 'एकटेवाले' म्हणतात. मी फोनवर म्हणायचे, "अरे, जगातल्या म्हाताऱ्यांची काळजी वाहतोस, कधी घरी पण ये की."

"अधिवेशन संपलं की येतोच, ताई."

अधिवेशन संपायचं. दुसरं लागायचं.

एक समाधान होतं. टीव्हीवर तो बोलायला उभा राहिला की त्याच्या मागची बाकं भरलेली दिसायची. माणसं माना डोलवायची. मी म्हणायचे, चला, माझं लेकरू तिथे तरी चार माणसांत आहे.

मग एकदाचं त्याचं विधेयक, कोणाचं चर्चेला घ्यायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकतात त्यात निघालं. एकट्या म्हाताऱ्यांच्या दारी सरकारच्या माणसाने दर आठवड्याला जायचं, विचारपूस करायची, असा कायदा. पण त्याची खासदारकी संपत आलेली आणि उरला होता तो हा शेवटचा शुक्रवार. त्या दिवशी चर्चा पार पडली नाही तर विधेयक बुडालंच. त्याने मला प्रेक्षक सज्जाचा पास पाठवला. मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

वरून खाली पाहिलं. सभागृह ओस! शुक्रवारी दुपारी सगळे आपापल्या गावी पळतात म्हणे. मी दारातल्या रखवालदाराला विचारलं, "टीव्हीवर तर मागची बाकं भरलेली असतात ना हो?"

तो हळूच हसला. "बाई, कोणी बोलायला उठलं की दोघं-तिघं जाऊन त्याच्या मागे बसतात. कॅमेऱ्यात गर्दी दिसावी म्हणून. इथली रीतच आहे ती."

आज ते दोघं-तिघंही नव्हते.

भाऊ उभा राहिला. रिकाम्या बाकांसमोर जीव तोडून बोलत होता. "माझ्या माहितीत एक बाई आहे. मी टीव्हीवर दिसलो की ती दोन कप चहा करते. एक माझ्यासमोर ठेवते."

हे मी त्याला कधीतरी थट्टेत सांगितलं होतं. मेल्याने लक्षात ठेवलं होतं तर! राग आला, रडूही आलं. माझ्यावर कायदा करायला निघालास, त्यापेक्षा येऊन चहा पिऊन गेला असतास तर?

तेवढ्यात समोरचा एक सदस्य उठला. "सभापती महोदय, गणपूर्ती नाही. मोजणी व्हावी." सभा चालायला जेवढी माणसं लागतात तेवढी आत नाहीत, असं त्याचं म्हणणं. खरंच होतं. बाहेरच्यांनी आत यावं म्हणून घंटा सुरू झाली. वाजत राहिली. दार काही हललं नाही. भाऊ हातात कागद धरून दाराकडे बघत होता. लहानपणी शाळा सुटल्यावर मला पोचायला उशीर झाला की असाच फाटकापाशी उभा असायचा.

मला राहवेना. उठले आणि ओरडले, "मी आहे की! मला मोजा!"

सज्जात ब्र काढायची मनाई. रखवालदाराने दंडाला धरून मला बाहेर काढलं. मागे घंटा थांबली. सभा तहकूब झाली, विधेयक बुडालं.

मी बाहेर पायऱ्यांवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो आला आणि शेजारी टेकला.

"ताई, सगळ्यांसमोर लाज काढलीस."

"सगळे होते कुठे रे?"

तो हसला. नाक पुसून त्याने विचारलं, "तो दुसरा कप कोण पितं मग?"

"मीच," म्हटलं. "गार झाल्यावर."